जब्यानं दगड मारला, पुढं काय?

दसरा झाला की अंबाजोगाईतून बाहेर पडणारा कुठलाही रस्ता बघा. ट्रक, ट्रॅक्टर, ट्रॉल्या. वर भांडीकुंडी, सरपण, गुंडाळलेलं पाल, एखादी शेळी, झाकल्या पाटीत कोंबड्या, अन् सगळ्यांच्या वर पोरं. टोळी निघाली. मुकादमाची उचल घेतलीय, ती फेडायला नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ झालेत. जोडपं नाही, माणसं नाहीत, कोयता! कारखान्याच्या हिशेबात दोन जितीजागती माणसं म्हणजे लोखंडाचं एक पातं.

मागच्या हंगामाला माझी थोरली बहीण अशीच निघाली. मी निरोप द्यायला गेलतो. माय ट्रॉलीवर चढतीय, गुडघा दुखतोय, एका हातात पाण्याची कळशी, अन् माझा सोळा वर्षांचा भाचा खाली उभा राहून मोबाईलवर तिचं शूटिंग घेतोय. माझी सणकली. म्हणलं, “लाज वाटती का रं? माय हाल काढती अन् तू फिलिम काढतो? ठेव तो मोबाईल!”

त्यानं ठेवला. मग खाली मान घालून म्हणला, “मामा, टीव्हीवाले येऊन काढतेत तवा तुम्ही त्यायला चहा पाजता की.”

मी गप्प. ट्रॉली गेली. धुरळा खाली बसला. पण भाच्याचं वाक्य काही खाली बसेना. हा लेख त्या वाक्याला दिलेलं उशिराचं उत्तर आहे. उत्तर देताना मला दोन माणसांची गोष्ट सांगावी लागणार आहे. एक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातला, दगड फोडणाऱ्या वडाराच्या घरचा. दुसरा पार तुर्कस्तानातला, कापूस वेचणाऱ्या कुर्दाच्या घरचा. दोघंही सिनेमावाले. दोघंही उठवलेल्या, हाकललेल्या, नोंदवहीत चुकीच्या रकान्यात टाकलेल्या माणसांतले.

आधी टीव्हीवाल्यांचं सांगतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण देशभर गाजलं. तेव्हा आमच्याकडं कॅमेऱ्यांची जत्रा भरली. बायांना उन्हात बसवलं. “ताई, जरा इकडं बघा. ताई, पुन्हा एकदा सांगा, आवाज नीट आला नाही.” बाया सांगत होत्या. त्यांना वाटलं, सांगितल्यानं काही होतं. कॅमेरे भरले, गाड्या गेल्या. त्या चित्रांत बाया होत्या, पण ती चित्रं बायांची नव्हती. ती कुणाच्या पडद्यावर दिसली, कुणी हळहळ केली, कुणाला बक्षिसं मिळाली, हे त्या बायांना कुणी कळवलं नाही. पुढच्या दसऱ्याला त्याच बाया पुन्हा ट्रॉलीवर.

आपण विषय असतो दोस्तांनो. कायम विषय. दुःख आपलं, कॅमेरा त्यांचा. कोयता आपल्या हाती, कात्री त्यांच्या हाती. कुठलं वाक्य ठेवायचं, कुठलं कापायचं हे मुंबईत बसलेला ठरवतो. त्यानं आपल्याला रडताना ठेवलं अन् शिवी देताना कापलं, तर जगापुढं आपण फक्त रडके म्हणून जातो.

नागराज मंजुळे या माणसाचं महत्त्व मला इथून दिसतं. त्याच्या पारितोषिकांवरून नाही, कोटींच्या आकड्यांवरून तर नाहीच नाही.

जन्म १९७७ चा. गाव जेऊर, तालुका करमाळा. जात वडार. आता वडार म्हणजे कोण? महाराष्ट्रातल्या घराघरांत फिरलेलं जातं, पाटा, वरवंटा, देवळाची पायरी, धरणाची भिंत, रेल्वेची खडी, विहिरीची खोदाई. या सगळ्यांत ज्यांचा घाम मुरलाय ते वडार. आमच्या अंबाजोगाईत हत्तीखाना लेणी आहेत. अख्ख्या खडकातून उभे हत्ती कोरलेत. बघणारे राजाचं नाव विचारतात, देवाचं नाव विचारतात. छिन्नी कुणाच्या हातात होती, हे आजवर एकानंही विचारलेलं मी ऐकलं नाही. दगडावर कोरणाऱ्याचं नाव राहत नाही, कोरवून घेणाऱ्याचं राहतं. हीच आपल्या देशाची कलासमीक्षा.

अन् हे वडार कुठले? घरात तेलुगूच्या जवळची बोली, बाहेर मराठी. काम असेल तिथं पाल. सरकारी कागदांत बघा गंमत. महाराष्ट्रात वडार ‘विमुक्त जाती’त. कर्नाटकात त्यांचीच भावकी भोवी-वड्डर म्हणून ‘अनुसूचित जाती’त. तेलुगू मुलखात वड्डेर म्हणून ‘मागासवर्गा’त. तोच घण, तीच छिन्नी, तोच उपास. पण शीव ओलांडली की माणूस बदलतो! कैकाड्यांचं तर याहून न्यारं. विदर्भात अनुसूचित जाती अन् आपल्या मराठवाड्यात विमुक्त. एकाच राज्यात! विमुक्त म्हणजे तरी काय? १८७१ च्या कायद्यानं गोऱ्या साहेबानं कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. देश १९४७ ला सुटला, पण तो कायदा उठायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. पाच वर्षं उशिरानं मिळालेल्या सुटकेचं नाव विमुक्त.

अशा घरातलं पोरगं शिकलं. पुणे विद्यापीठातून मराठीत एम. ए. झालं. ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ नावाचा कवितासंग्रह काढला. नगरला जाऊन जनसंज्ञापन शिकलं अन् तिथं शिकता शिकता ‘पिस्तुल्या’ नावाचा लघुपट केला. शाळेत जावंसं वाटणाऱ्या, पण जाऊ न शकणाऱ्या पोराची गोष्ट. त्याला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता इथं थांबून बघा. पहिला सिनेमा कशावर? शाळेच्या दारावर. आपल्या सगळ्यांचा पहिला सिनेमा त्याच दारावर अडलेला असतो.

मग ‘फँड्री’. २०१३ ला महोत्सवांत दिसला, १४ फेब्रुवारी २०१४ ला थेटरात आला. मी लातूरला जाऊन बघितला. ‘फँड्री’ म्हणजे काय ते तिकीट काढणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. मराठी सिनेमाच्या पोस्टरवर एक शब्द होता, जो मराठी माणसाला विचारून घ्यावा लागत होता! मला तिथंच निम्मा सिनेमा कळला.

हे मी अंबाजोगाईचा म्हणून जास्त जोरात सांगतो. आमचं गाव आद्यकवी मुकुंदराजाचं. ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे ११८८ चा म्हणतात. समाधी इथंच. शाळेत असल्यापासून आम्हाला सांगितलंय की मराठी भाषेचा उगम आपल्या गावात. छाती फुगवून ऐकलं आम्ही. पण त्याच वर्गात मागच्या बाकावर एक कैकाड्याचं पोरगं बसायचं. गुरुजींनी काही विचारलं की ते आधी मनात भाषांतर करायचं अन् मग बोलायचं. तेवढा वेळ लागायचा, म्हणून त्याला मठ्ठ म्हणायचे. आम्हीही म्हणलो. खोटं कशाला बोलू? आम्ही महारवाड्यातली, बौद्धवाड्यातली पोरंही हसलो. आपल्या खाली कुणीतरी आहे याचा आनंद जातिव्यवस्था फुकटात वाटती अन् आपण तो घेतो. आठवीत ते पोरगं शाळेतून गेलं. आठशे वर्षांच्या मराठीला त्याच्या बोलीतला एक शब्द कधी हवासा वाटला नाही. ‘फँड्री’नं तो पोस्टरवर लावला.

जब्या काळी चिमणी शोधतो. तिची राख शिंपडली तर शालू वश होईल म्हणून. जब्याला शालू हवी, नवी जीन्स हवी, गोरा रंग हवा. अन् बापाला, कचरूला, पोरीचं लग्न उरकायचंय. त्यासाठी गावाची डुकरं धरायचीत. शाळेच्या शेजारीच डुक्कर धरायची वेळ येते. डुक्कर हातात येणार तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा. मग घरचे सगळे ताठ उभे. डुक्कर मोकळं. थेटरात लोक हसले. मी हसलो नाही, कारण त्या जागी मी उभा राहिलेलो आहे. पुढं मेलेलं डुक्कर बल्लीवर टांगून घरचे शाळेच्या भिंतीवरून जातात. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई, शाहूमहाराज, गाडगेबाबा रंगवलेले. कुणी भाषण देत नाही. भिंत बोलते. अन् शेवटी जब्या दगड उचलतो. तो दगड पडद्यातून सरळ आपल्या तोंडावर येतो अन् अंधार.

वडाराच्या पोरानं दगडाचा असा उपयोग केला. शेकडो वर्षं दुसऱ्यांच्या पायऱ्या घडवल्या, एक दगड स्वतःसाठी ठेवला.

आता तुर्कस्तानात चला. लांबचं नाही ते, दगडाच्याच गोष्टीतलं आहे. औरंगाबादेत शिकत होतो (गावाचं नाव तेव्हा तेच होतं), तेव्हा एका मित्राच्या खोलीवर आम्ही आठ जणांनी एका लहान पडद्यावर ‘योल’ बघितला. योल म्हणजे रस्ता. पाच कैदी, काही दिवसांची रजा, प्रत्येकजण आपापल्या गावी निघालेला. तुरुंगातून बाहेर पडलेत, पण बाहेर त्याहून मोठा तुरुंग आहे. शिपाई आहेत, घराण्याची अब्रू आहे, बाईचा जीव घ्यायला निघालेले घरचेच लोक आहेत. आम्ही आठही जण बोलेनासे झालो. बघताना तुर्कस्तान कधी संपलं अन् आमचं गाव कधी सुरू झालं, कळलं नाही.

हा सिनेमा यिल्माझ गुनेचा. जन्म १९३७, अडाणाजवळच्या येनिजे गावात. आईबाप कुर्द, पोटासाठी मूळ मुलूख सोडून कापसाच्या पट्ट्यात आलेले शेतमजूर. म्हणजे आपल्या भाषेत टोळीवाले. कुर्द म्हणजे अडीच-तीन कोटींच्या वर माणसं अन् स्वतःचा देश नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या तहात त्यांच्या वेगळ्या मुलखाची आशा दाखवली, १९२३ च्या तहात ती पुसली. तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया अशा चार देशांत ते वाटले गेले. तुर्की सरकार म्हणायचं, कुर्द नावाचे कुणी नाहीतच, हे ‘डोंगरी तुर्क’. दुसऱ्यानं ठेवलेली नावं कशी असतात ते आपल्याला कुणी शिकवायला नको. ‘हरिजन’ ऐकून ज्यांचे कान किटले त्यांना ‘डोंगरी तुर्क’ लगेच कळेल.

गुने आधी नट झाला. देखणा नाही, राकट. लोकांनी त्याला ‘कुरूप राजा’ म्हणलं. मग स्वतः सिनेमे काढू लागला. १९७० चा ‘उमुत’, म्हणजे आशा. एका टांगेवाल्याचा घोडा मोटारीखाली मरतो. न्याय मिळत नाही, म्हणून तो गाडलेल्या धनाच्या मागं लागून वेडा होतो. १९७८ चा ‘सुरू’, म्हणजे कळप. एक भटकं कुर्द कुटुंब आपली मेंढरं रेल्वेत घालून अंकाराला विकायला नेतं. शहर आधी कळप खातं, मग माणसं खातं. हा सिनेमा गुनेनं तुरुंगातून लिहिला अन् बाहेर झेकी ओक्तेननं केला. ‘योल’ही तसाच. लिहिला तुरुंगात, बाहेर शेरीफ गोरेननं चित्रित केला. १९८१ मध्ये गुने तुरुंगातून निसटला, युरोपात पोचला, तिथं सिनेमा जुळवला. १९८२ ला कान महोत्सवात त्याला सर्वोच्च ‘पाम द’ओर’ मिळालं, कोस्टा-गाव्रासच्या ‘मिसिंग’बरोबर विभागून. तुर्कस्तानात मात्र ‘योल’ १९९९ पर्यंत बंद. त्यात कुर्द गाणी होती अन् ‘कुर्दिस्तान’ हा शब्द पडद्यावर लिहिलेला होता. सिनेमातली माणसं एकमेकांना मारतात ते चालतं, पण आपल्या मुलखाचं नाव घेतात ते चालत नाही! पुढं १९८३ ला कुर्द भाषेवर कायद्यानंच बंदी आली, ती १९९१ ला उठली. परदेशात शेवटचा सिनेमा केला ‘दुवार’, म्हणजे भिंत. ९ सप्टेंबर १९८४ ला पॅरिसमध्ये कर्करोगानं गेला. वय ४७. नागरिकत्व काढून घेतलेलं. माती परक्या गावाची.

अन् आता कडू तेही सांगतो, कारण आपण मूर्ती घडवायला बसलो नाही. हा गुने तुरुंगात गेला तो फक्त विचारांसाठी नाही. १९७४ मध्ये एका न्यायाधीशाला गोळी घालून मारल्याबद्दल त्याला शिक्षा झाली होती. त्या रात्रीचं समर्थन मी करणार नाही. सिनेमा मोठा म्हणून माणसाचं सगळं धुऊन निघत नाही. आपल्याकडं एक वाईट खोड आहे. आवडला की डोक्यावर, मिरवणूक, डिजिटल बॅनर. चुकला की शिव्या. यातलं काहीच कामाचं नाही. काम बघा. ते कशातून आलं अन् कुणासाठी उभं राहिलं, ते बघा.

दोघांना शेजारी ठेवून मी हेच बघतो. गुनेला भाषा बंद होती. ‘सुरू’तली माणसं कुर्द, पण बोलतात तुर्की, दुसरा इलाजच नव्हता. मंजुळेला कायद्यानं काही बंद नव्हतं. आपल्याकडं भाषेवर बंदी घालायची गरजच पडत नाही. नुसतं हसलं की पुरतं. वर्गात हसा, मुलाखतीत हसा, सिनेमात नोकराच्या तोंडी ती भाषा घालून हसा. माणूस आपोआप आपल्या मायची बोली घराच्या उंबऱ्यात काढून ठेवतो, चपलेसारखी. तुर्की सरकारला कायदा करावा लागला. आपल्या गावगाड्याला नुसते दात दाखवावे लागले.

‘सैराट’चं बोललंच पाहिजे. २९ एप्रिल २०१६. मराठीत पहिल्यांदा शंभर कोटींच्या वर गेलेला सिनेमा. रिंकू राजगुरू अकलूजची, आकाश ठोसर करमाळ्याकडचा. ‘फँड्री’तला जब्या, सोमनाथ अवघडे, तोही करमाळा तालुक्यातलाच. पुण्या-मुंबईच्या नटांना गावठी बोलायला शिकवण्यापेक्षा गावालाच पडद्यावर आणलं. लोक म्हणतात, प्रेमकथा. अरे, निम्मा सिनेमा स्थलांतर आहे! आर्ची-परशा पळून कुठं जातात? हैदराबादला. भाषा येत नाही, राहायला झोपडपट्टी. पाटलाची पोरगी कारखान्यात बाटल्या भरते, परशा डोशाच्या गाडीवर राबतो. आमच्या मराठवाड्याला हा रस्ता ओळखीचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात. अंबाजोगाईचं नाव तेव्हा मोमिनाबाद. आमचे आजे पोटासाठी हैदराबादला जायचे. म्हणजे गावात जगता येत नाही, म्हणून परक्या भाषेत जाऊन माणूस व्हायचं, हे जुनंच आहे. आर्चीला तिथं कुणी पाटलीण म्हणत नाही. परशाला कुणी जात विचारत नाही. परकं गाव थोडे दिवस माणूस म्हणून जगू देतं. मग आपलं गाव भेट घेऊन येतं. पुढं आवाज नाही. रक्तात भरलेली लहान लेकराची पावलं.

त्या शांततेचं आपण काय केलं? ‘झिंगाट’ लावलं! लग्नात, गणपतीत, आपल्या जयंतीच्या मिरवणुकीतसुद्धा. नाचायला माझी ना नाही, नाचणाऱ्या पायांना कुणी बंदी घालू नये. पण शेवटची पावलं विसरून पहिलं गाणं तेवढं घरी नेणं ही आपल्या हुशारीची गोष्ट आहे. अन् मुंबईच्या हिंदी सिनेमानं २०१८ ला ‘धडक’ नावानं त्याची नक्कल काढली. त्यात जात अशी धुऊन काढली की उरलं नुसतं दोन देखण्या पोरांचं पळून जाणं. रक्त ठेवलं, रक्ताचं कारण काढलं.

सिनेमा बदल करतो का, असं मला विचारतात. तारखा सांगतो. ‘फँड्री’ थेटरात आला फेब्रुवारी २०१४ मध्ये. २८ एप्रिल २०१४ ला आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात, खर्ड्याला, नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित पोराला मारून झाडाला टांगलं. कारण काय सांगितलं? वरच्या जातीच्या पोरीशी बोलला. जब्यासारखंच. ‘सैराट’ आला तो या खुनाच्या दोन वर्षं एक दिवसानंतर. त्यानं कोटी कमावले, राज्यभर नाचवलं. अन् नोव्हेंबर २०१७ मध्ये नितीन आगे खटल्यातले आरोपी न्यायालयातून निर्दोष सुटले. साक्षीदार फुटले. ज्या गावानं बघितलं होतं त्या गावानं काही बघितलं नव्हतं.

तेव्हा नाही. सिनेमानं न्याय मिळत नाही. पण एक गोष्ट होते. सगळं गाव ‘बघितलं नाही’ म्हणतं, तेव्हा पडदा म्हणतो, मी बघितलं. साक्षीदार फुटतो, हा फुटत नाही. सिनेमाकडून मला एवढंच पाहिजे, अन् एवढं पुष्कळ आहे.

‘झुंड’वर आपल्यात भांडणं झाली. ४ मार्च २०२२. नागपूरच्या झोपडपट्टीतली फुटबॉल खेळणारी पोरं, मधे अमिताभ बच्चन. मित्र म्हणाले, आपल्या पोरांची गोष्ट सांगायलाही यांना सुपरस्टार लागतो, उद्धारक मास्तर लागतो. मला हा आक्षेप निम्मा पटतो. झुंडीला हात देणारा वरूनच यावा लागतो, ही जुनीच गोष्ट तिथं पुन्हा आली. पण उरलेला निम्मा मी सोडत नाही. त्याच सिनेमात एक आदिवासी पोरगी अन् तिचा बाप पासपोर्टसाठी कागद गोळा करत हिंडतात. तू कोण आहेस हे सिद्ध कर! जन्माला आलेली, समोर उभी असलेली पोरगी कागदावर नाही. सीरियात १९६२ ला एका दिवसाची जनगणना झाली अन् एक लाख वीस हजारांच्या आसपास कुर्द एका रात्रीत आपल्याच देशात परदेशी ठरले. तो बाप अन् ती माणसं एकाच खिडकीपुढं उभी आहेत. ही खिडकी तुम्ही-आम्ही बघितलीय. जातपडताळणीची. पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा आणा म्हणते. ज्याच्या आज्याला गावात घर बांधू दिलं नाही, त्यानं घराचा पुरावा आणायचा!

आता आपल्यावर येतो. लेख लिहायला बसलो तो यासाठीच. मंजुळेचं कौतुक करायला दुनिया बसलीय.

आपल्या चळवळीनं कविता लिहिली, आत्मकथनं लिहिली, पोवाडे, जलसे केले. का? कागद स्वस्त होता अन् गळा फुकट होता. सिनेमा महाग होता. कॅमेरा भाड्यानं, रीळ परदेशी, थेटर शेठजीचं. म्हणून आपण म्हणलो, सिनेमा भांडवलदारांचा धंदा. बरोबरच होतं तेव्हा. आज प्रत्येक टोळीत, प्रत्येक पालात एक तरी मोबाईल आहे. गुनेला तुरुंगातून सिनेमा करायला जे मिळालं नाही, ते माझ्या भाच्याच्या खिशात आहे. अन् त्यावर आपण काय काढतो? भाऊंचा वाढदिवस. गाडीच्या टपावर उभं राहून गॉगल. डीजेपुढचा नाच. पुढाऱ्याच्या पाठीमागं हळूहळू चालत येणारी दहा पोरं, वर दणदणीत गाणं. कॅमेरा हातात आला अन् आपण तो पुन्हा दुसऱ्याकडंच वळवला!

कुणी म्हणेल, आधी भाकरीचा प्रश्न, मग सिनेमा. हे ऐकायला बरं वाटतं. पण भाकरीचा प्रश्न कुणी लपवला? एका कोयत्याचा दर काय, उचल किती, वजन काट्यावर किती कापलं, बाई बाळंतीण होऊन कितव्या दिवशी फडात उतरली, हे कुणाला दिसतच नाही, म्हणून तर तो सुटत नाही. उसाचा फड उंच असतो. आतलं बाहेरून दिसत नाही. आतल्यानंच दाखवावं लागतं.

कुणी म्हणेल, एक मंजुळे वर गेला म्हणून काय झालं? अगदी खरं. एकावर भागवू नका. कोट्यवधींच्या समाजातून एक दिग्दर्शक आला अन् आपण त्याचे बॅनर लावून मोकळे झालो, तर त्यानं काही केलं नाही अन् आपणही नाही. २०१७ ला त्यानं ‘पावसाचा निबंध’ केला. पोराला शाळेतून पावसावर निबंध लिहायला सांगितलेला अन् घर गळतंय. सुंदर पाऊस कुठला लिहायचा? त्याला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण ते पोरगं एका गावात नाही, दर पावसाळ्यात हजार घरांत भिजतंय. हजार निबंध कोण लिहिणार?

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात. स्वतःच्या घरापासून सुरू करा. मायच्या बोलीत बोलू द्या, दुरुस्त करू नका. तिला आधी विचारा, काढू का? नाही म्हणली तर खिशात घाला. काढलेलं सगळ्यात आधी वस्तीला दाखवा, मग बाहेर. मालक राहा. कापायचं काय अन् ठेवायचं काय हे तुम्ही ठरवा. दुसऱ्याची जात आपल्यापेक्षा खालची वाटती, त्याच्या पालात कॅमेरा घेऊन शिरताना आपणही टीव्हीवाले होतो, हे ध्यानात ठेवा. त्या पोराच्या हातात मोबाईल द्या, तुम्ही बाजूला व्हा.

भाच्याला मी फोन केला. फडातच होता. म्हणलं, “चुकलो मी. काढ, पण मायला विचारून काढ.”

चार दिवसांनी त्यानं मोबाईलवर धाडलं. तीन-चार मिनिटांचं. हलतंय, वाऱ्याचा आवाज जास्त. पहाटेचा अंधार, बहीण मोळी बांधतीय. पोरगं विचारतं, “माय, फिलिम काढू का?” ती वर न बघता म्हणती, “काढ. पर माझं नाव लिव्ह खाली. कोयता म्हणू नगंस.”

मी ते पुन्हा पुन्हा बघितलं. खाली नाव लिहिलेलं आहे. भाच्यानं लिहिलंय, ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय. मी दुरुस्त करायला सांगितलं नाही.

जय भीम.